बाळ रांगायला लागलंय? आधी एवढंच करा

अभिनंदन! घर बाळासाठी सुरक्षित करायला ऑनलाइन मागवायच्या वस्तूंची लांबलचक यादी केली असेल, तर ती तूर्तास बाजूला ठेवा. दोन लेकरं वाढवल्यावर सांगते, सुरुवातीला तीनच गोष्टी बघायच्या.

पाणी. रात्री बादली भरून ठेवायची सवय मोडा. बाळाचं डोकं जड असतं. वाकून तोल गेला की त्याला मागे येता येत नाही, आणि वीतभर पाणीही घात करतं. बादली रिकामी आणि पालथी, बाथरूमला बाहेरून कडी. आंघोळीचं पाणी काढताना आधी गार, मग गरम. बादलीत टाकायची हीटरची कांडी असेल तर सरळ माळ्यावर टाका.

चहा. कडेवर बाळ आणि हातात कप, हे नकोच. आमच्या थोरलीनं टीपॉयवरचा टेबलक्लॉथ ओढला, चहा माझ्या पायावर सांडला म्हणून निभावलं. त्याच दिवशी त्या टेबलक्लॉथचं फडकं झालं. भाजलंच तर नळाच्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको.

तोंडात जाणारं. शेंगदाणे, फुटाणे, नाणी आणि छोट्या रिमोटमधले चपटे गोल सेल. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक हॉस्पिटल गाठा. उलटी करवू नका.

नवखे हमखास कुठे चुकतात? सॉकेटला झाकणं बसवतात आणि फिनेल मात्र कोल्ड्रिंकच्या बाटलीत, सिंकखाली!

आज संध्याकाळी स्वतः रांगत घरभर एक फेरी मारा. सोफ्याखाली काय सापडलं ते कळवा.