पुणे सोडताना कोथरूडचा फ्लॅट विकावा की भाड्याने द्यावा?

आपण लिहिले आहे की नोकरीनिमित्त पुढील महिन्यात आपण सहकुटुंब बेंगळुरूला जात आहात, कोथरूडचा दोन बेडरूमचा फ्लॅट १९९३ सालच्या इमारतीत आहे, कर्ज फिटलेले आहे आणि सोसायटीत पुनर्विकासाची अद्याप नुसती चर्चाच आहे. मी सहा वर्षांपूर्वी सिंहगड रस्त्यावरचा फ्लॅट भाड्याने देऊन हैदराबादला आलो आणि चौथ्या वर्षी तो विकला. त्या अनुभवावरून लिहितो.

मासिक भाड्याला बाराने गुणले की आपला हिशेब संपतो. माझाही तिथेच संपला होता. ७० लाखांच्या फ्लॅटचे २१,००० रुपये भाडे, म्हणजे वर्षाला २,५२,००० रुपये. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा महिना, दलाली आणि रंगकाम वजा केल्यावर हाती जेमतेम अडीच टक्के उरत. शिवाय मालक स्वतः राहत असेल तर पुणे महापालिका मिळकतकरात जी ४० टक्के सवलत देते, ती भाडेकरू ठेवल्यावर मिळत नाही. सोसायटी बिनभोगवटा शुल्कही, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणूनचे शुल्क, लावते. मात्र ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे ध्यानात ठेवा, कारण काही कमिट्या बिनदिक्कत जास्त मागतात.

पण मला टेकीस आणले ते गळतीने. खालच्या मजल्यावरील काकूंनी एके सकाळी त्यांच्या बाथरूमच्या छताचा फोटो पाठवला. रंगाचे पोपडे सुटलेले, मधोमध पिवळट ओल आणि खाली ठेवलेली निळी बादली. भाडेकरू नोकरदार असल्यामुळे प्लंबर रविवारीच पाठवा म्हणे, आणि प्लंबर नेमका रविवारी येईना. अखेर रजा काढून मी पुण्याला गेलो, फरशी उखडून वॉटरप्रूफिंग करून घेतले. ३८,००० रुपये आणि आठ दिवस गेले. म्हणून माझा आपल्याला पहिला प्रश्न असा की, असा फोन आला तर त्याच दिवशी किल्ली घेऊन जाणारे पुण्यात आपले कोण आहे? सख्खा भाऊ किंवा सासरे असतील तर उत्तम. मित्र पहिल्या वेळी धावून जातो. तिसऱ्या वेळी त्याला सांगायला आपल्यालाच संकोच वाटतो.

माझी इमारत जेमतेम बारा वर्षांची होती, त्यामुळे पुनर्विकासाचा विषयच नव्हता. आपले तसे नाही. विकासक नेमला जाण्यापूर्वी विकल्यास जुन्या घराचाच भाव मिळण्याची शक्यता जास्त, आणि वाढीव क्षेत्रफळाचा लाभ खरेदीदाराच्या पदरात पडतो. मात्र चर्चेवर विसंबून राहू नका. सेक्रेटरींना दोनच गोष्टी विचारा: जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे होणे) किंवा, बिल्डरने ते न केल्यास सरकारी आदेशाने होणारे, डीम्ड कन्व्हेयन्स झाले आहे का, आणि पुनर्विकासासाठी लागणारी एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती जमण्यासारखी आहे का. जिथे कन्व्हेयन्सची कागदपत्रेच नाहीत, तिथली चर्चा दहा वर्षेही चालू शकते.

करापायी विक्रीची घाई करण्याचे कारण नाही. भाड्याच्या उत्पन्नातून, भरलेला मिळकतकर वजा जाता, ३० टक्के सरसकट वजावट मिळते. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराच्या दीर्घकालीन नफ्यावर निवासी व्यक्तीला इंडेक्सेशनविना (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून न धरता) १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशनसह २० टक्के, यांपैकी कमी भरणारा कर लागू होतो. शिवाय विक्रीनंतर दोन वर्षांत बेंगळुरूत घर घेतल्यास त्यात गुंतवलेल्या नफ्यावर सूट मिळते, आणि मधल्या काळात जुने घर भाड्याने दिले होते म्हणून ती जात नाही.

माझा कौल असा: कन्व्हेयन्स झालेले असेल आणि किल्ली सांभाळणारे माणूस असेल, तर भाड्याने द्या, दोन्ही नसेल तर जाण्यापूर्वीच विका, कारण सामान हलवलेल्या रिकाम्या घरात भिंतीवरचा प्रत्येक डाग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरतो. भाड्याने दिल्यास लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचाच ठेवा आणि तो नोंदवाच. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, ही तरतूद एजंट अंगठा घ्यायला घरी येईल तेव्हा भाडेकरूला समोरासमोर वाचून दाखवा.