सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा लाइट लागतो, पण पिंगच होत नाही. कार्ड बदलावं का?

आत्ताच नको. तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं : भोसरीच्या कारखान्यातला सर्व्हर नव्या रॅकमध्ये हलवला, त्यात इंटेलचं दोन पोर्टचं १० जी (सेकंदाला १० गिगाबिट) कार्ड, फायबरची जोडणी, वर उबुंटू लिनक्स. सर्व्हर आणि स्विच दोन्हीकडे हिरवा लाइट आहे, तरी गेटवेसुद्धा (नेटवर्कबाहेर नेणारा राउटर) पिंग होत नाही, म्हणजे हाकेला उत्तर देत नाही, आणि व्हेंडर म्हणतो कार्ड गेलं. मी पुण्यात हेच काम करतो. असं ‘गेलेलं’ कार्ड बहुतेक वेळा धडधाकट निघतं.

१० जी फायबरमध्ये एक सोय असते. एका बाजूला प्रकाश पोचला नाही, तर ती बाजू समोरच्याला रिमोट फॉल्ट कळवते आणि लिंक दोन्हीकडे पडते. तुमचे दोन्ही लाइट लागलेत, म्हणजे प्रकाश दोन्ही दिशांना पोचतोय. टीएक्स-आरएक्सच्या (पाठवण्याच्या आणि घेण्याच्या) तारा उलट्या लागल्याची शंका सोडून द्या. परक्या कंपनीची एसएफपी (पोर्टात बसणारं फायबरचं छोटं मोड्यूल) हेही कारण नाही. तशी एसएफपी कार्डाला नको असती, तर ड्रायव्हर चढला नसता आणि इंटरफेस (सिस्टिमला दिसणारं पोर्ट) दिसला नसता, किंवा निदान लिंक तरी आली नसती.

मग सर्वांत आधी काय बघायचं, तर केबल ज्या पोर्टात आहे त्यालाच आयपी दिलाय का. हलवाहलवीत कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसलं असेल तर उबुंटूत इंटरफेसचं नाव बदलतं, कारण नावातच स्लॉटचा हिशोब असतो. नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलीत मात्र जुनंच नाव राहतं. ‘इथटूल -पी’ या कमांडला इंटरफेसचं नाव द्या आणि रॅकच्या मागे जाऊन उभे राहा. ज्या पोर्टचा लाइट लुकलुकेल, तो तुमचा. हे मी फोटो मागवून नाही, समोर उभं राहूनच करतो; फोटोत सगळे लाइट सारखेच दिसतात.

तिथे सगळं ठीक असेल तर काउंटर वाचा. एका खिडकीत गेटवेला पिंग चालू ठेवा, दुसऱ्या खिडकीत ‘आयपी -एस लिंक’ पुन्हा पुन्हा चालवा. इथे बरेच जण फसतात : आरएक्स वाढतोय म्हणजे नेटवर्क मिळालं, असं समजतात. चालू स्विच काही ना काही पाठवतच असतो, साधं एसटीपीचं (स्विच आपसांत लूप टाळायला वापरतात त्याचं) पॅकेटही दर दोन सेकंदांनी येतं. आरएक्स ठार शून्यावर असेल तर उलट जास्त संशय घ्या. आता ‘आयपी नेबर’ बघा. गेटवेसमोर ‘इनकम्प्लीट’ किंवा ‘फेल्ड’ दिसलं, तर तुमची एआरपीची (‘या आयपीचा मॅक, म्हणजे हार्डवेअर पत्ता कोणता?’ असं विचारणारी) हाकच तिकडे पोचत नाहीये किंवा उत्तर परत येत नाहीये. राउटिंग, फायरवॉल हे सगळं त्यानंतरचं.

अशा वेळी माझा पहिला संशय व्हीलॅनवर, म्हणजे एकाच स्विचवर पाडलेल्या वेगवेगळ्या नेटवर्कच्या कप्प्यांवर. पत्ता बरोबर लिहिलाय, पण कुरियरवाला सोसायटीच्या भलत्याच विंगमध्ये शिरलाय, तसला प्रकार. पोर्टवरची पॅकेटं दाखवणारं ‘टीसीपीडंप -ई -एन’ लावून दोन मिनिटं शांतपणे वाचा. चाकणला एका ठिकाणी सर्व्हरच्या पोर्टवर मला एकामागून एक सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या एआरपी दिसल्या, सगळ्या भलत्याच सबनेटच्या (आयपी पत्त्यांच्या गटाच्या). पॅच पॅनलवर केबल कॅमेऱ्यांच्या पोर्टात गेली होती. पोर्ट बदलला, पिंग सुरू. तुमच्याकडे पॅकेटांवर टॅग (व्हीलॅनचा नंबर) दिसत असेल तर स्विचचा पोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅन टॅग लावून नेणारा) आहे आणि सर्व्हर टॅगशिवाय बोलतोय. मग स्विचवर तो पोर्ट एकाच व्हीलॅनचा, म्हणजे अ‍ॅक्सेस करा, किंवा सर्व्हरवर त्या नंबरचा व्हीलॅन इंटरफेस बनवा. दोन्ही एकदम करू नका.

दोन पोर्टांचा बाँड केला (दोन्ही जोडून एक केले) असेल तर ‘प्रॉक’खालच्या ‘नेट’मध्ये ‘बाँडिंग’ फोल्डर आहे, त्यातली फाइल वाचा. एलएसीपी (बाँडसाठी स्विचशी बोलणी करणारा प्रोटोकॉल) लावलंय आणि पार्टनरचा, म्हणजे स्विचचा, मॅक सगळा शून्य दिसतोय, म्हणजे बहुतेक स्विचवाल्याने पोर्ट-चॅनल केलेलंच नाही, किंवा त्यावर एलएसीपी लावलेलं नाही. आणि बाँड न करता दोन्ही पोर्टांना एकाच सबनेटचे आयपी दिले असतील तर एक काढून टाका. लिनक्स एका पोर्टच्या आयपीची एआरपी दुसऱ्या पोर्टवरूनही देतो, आणि आरपी फिल्टर (पॅकेट योग्य पोर्टवरून आलं का हे तपासणारा) कडक लावलेला असेल, तर मग वाट चुकलेली पॅकेटं तो गुपचूप टाकून देतो.

थोडी पिंग येते, थोडी जाते, असं असेल तरच फायबरकडे वळा. ‘इथटूल -एस’मध्ये (इथे एस कॅपिटल) सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडलेली पॅकेटं, चढताहेत का बघा, आणि ‘इथटूल -एम’मध्ये आरएक्स पॉवर. एसआर (कमी अंतराच्या) एसएफपीला उणे ९.९ डीबीएमच्या खाली गेलेलं चालत नाही. मशीन शॉपमध्ये तेलाची वाफ आणि धूळ पॅच कॉर्डच्या टोकावर बसते. शर्टाला पुसू नका, फायबर क्लीनरनं पुसा.

एवढं करूनही अडलं, तर तेच फायबर आणि तीच एसएफपी कार्डाच्या दुसऱ्या पोर्टात लावून बघा. तिथेही तेच झालं, तर स्विचचा पोर्ट बदला. त्यानंतर मग कार्ड. नवं कार्ड ओळखीच्या डीलरकडून पक्क्या बिलावर घ्या, इंटेलच्या नावाची बनावट कार्डं बाजारात असतात. आणि जुनं काढण्याआधी त्याचा मॅक पत्ता उतरवून ठेवा : कॅडच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या मॅकला बांधलेलं असेल, तर नेटवर्क चालू होईल आणि डिझाइन विभाग बंद पडेल.