पहिला की दुसरा?

प्रश्न : ‘ट्रेन टू बुसान’ मी तीनदा पाहिला, पण ‘पेनिन्सुला’ अर्ध्यावरच सोडला. भाऊ म्हणतो, दुसऱ्यात ॲक्शन जास्त, तोच भारी. ताई, तुम्ही कोणाच्या बाजूनं? – एक वाचक, भांडुप

उत्तर : तुमच्याच. दोन्ही कोरियन झोंबीपट दिग्दर्शक योन सांग-हो यांचेच, पहिला २०१६चा, दुसरा २०२०चा. तरी पहिला अंगावर येतो, तो त्या डब्यामुळे. सोलहून सुटलेल्या गाडीत पळायला जागाच नाही. बोगद्याच्या अंधारात झोंबींना, म्हणजे माणसांना चावत सुटलेल्या जिवंत मुडद्यांना, दिसत नाही, म्हणून लेकीला घेऊन निघालेला बाप आणि सोबतचे दोघं सामानाच्या रॅकवरून सरपटत पुढे जातात. लहानपणी लोकल पारसिकच्या बोगद्यात शिरली की मी आईचा पदर घट्ट धरायचे. थेटरात त्या दृश्याला माझी मूठ तशीच वळली होती. आणि एवढं करून ते पोचतात, तर पुढच्या डब्यातली माणसं दार उघडेनात! मला झोंबींपेक्षा त्या दाराची भीती जास्त वाटली. लोकलच्या दारात लटकलेल्याला ‘आत जागा नाही’ ऐकावं लागतं, त्याला हे वेगळं समजवायला नको.

‘पेनिन्सुला’त चार वर्षांनंतरचं ओसाड शहर, पैशांचा ट्रक आणि गाड्यांचा नुसता पाठलाग. माणसं मेली तरी गलबलत नाही. पण भावाचं एक मान्य : ती धाकटी मुलगी रिमोटच्या दिवेवाल्या गाड्यांनी झोंबींना भुलवते, ते झकास जमलंय. तेवढ्यासाठी राहिलेला अर्धा बघाच, भावाला शेजारी बसवून.