गरम झाल्यावरच रुसणारा पॉवर सप्लाय

अरे, लगेच आयसी बदलायला घेऊ नकोस. तुझा पॉवर सप्लाय गार असताना 12 व्होल्ट पक्के देतो आणि वीस मिनिटांनी तापला की 9 वर घसरतो, म्हणजे आधी हा दोष हवा तेव्हा आणता आला पाहिजे. नाशिकच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तो आपोआप येतोच म्हणा, पण तेव्हा सगळंच तापलेलं असतं, नेमकं कोण रुसलंय कळत नाही.

सकाळच्या गारव्यात झाकण काढ, लोड (सप्लायवर चालणारं काहीतरी) लाव, आउटपुटला मल्टीमीटर जोड. हेअर ड्रायरला जाड कागदाचं नळकांडं लावून एकेक भाग तापव. आकडा हलला की थांब, तिथेच भाग झटकन गार करणारा फ्रीझिंग स्प्रे मार. आकडा परत आला तर चोर सापडला. 230 व्होल्टच्या बाजूला मात्र हात नको, आणि ठोकून बघायचं तर सुकी लाकडी काडी घे.

सातपूरच्या एका वर्कशॉपमधून आलेल्या सप्लायमध्ये मी दोन दिवस 723 वर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या आयसीवर, संशय घेत बसलो. निघालं काय, तर 2एन3055 या पॉवर ट्रान्झिस्टरच्या पिनला ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड! भिंगाखाली पिनभोवती केसाएवढी गोल चीर दिसली. तापलं की जोड सुटायचा.

डीसी सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरवर सगळे आधी घसरतात. तो इलेक्ट्रोलिटिक प्रकारचा असतो, पण आतला द्रव आटलेला असा कपॅसिटर बहुधा गार असतानाच जास्त छळतो, तापल्यावर थोडा सुधारतो. तुझं उलट आहे, म्हणून तो शेवटी बघ. सोल्डरिंगआधी तो रेझिस्टरने डिस्चार्ज कर, स्क्रू ड्रायव्हरने नाही.