राज्यसंस्था करारातून जन्मली की बळातून?

तुम्ही विचारलंय की राज्यसंस्था करारातून उभी राहिली की बळातून, आणि परीक्षेत कोणती बाजू धरावी. मी बरीच वर्षं हा विषय शिकवतोय, म्हणून माझं मत आधी सांगतो: दोन्ही उत्तरं अर्धी आहेत. भांडणारी दोन माणसं निवाड्यासाठी एकाच दारात जायला लागली की सरकार जन्माला येतं.

हॉब्ज (१६५१) आणि रूसो (१७६२) हे करारवादी तुमच्या नोट्समध्ये असतीलच: हॉब्जच्या मते एकमेकांच्या भीतीपोटी लोक सगळी सत्ता एकाच्या हाती देतात, रूसोच्या मते सत्ता सगळ्यांच्या सामायिक इच्छेची. त्यांच्या आधी दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातलं अग्गञ्ञसुत्त वाचा. लोक भाताच्या शेतांना हद्दी घालतात. मग एकजण आपला वाटा राखून दुसऱ्याचा उचलतो. त्याला पकडून समज देतात, तरी तो पुन्हा तेच करतो. शेवटी सगळे मिळून एकाला निवडतात: चुकेल त्याला तू दटाव, हाकलून दे, आम्ही तुला भाताचा वाटा देऊ. तो 'महासम्मत'. त्याचंच दुसरं नाव 'खत्तिय', आणि सुत्तात त्याचा अर्थ दिलाय शेतांचा धनी!

कौटिल्यही सांगतो की मात्स्यन्यायाला, म्हणजे मोठा मासा लहान माशाला गिळतो तशा अवस्थेला, कंटाळून लोकांनी मनूला राजा केलं, धान्याचा सहावा आणि मालाचा दहावा हिस्सा नेमून दिला. फक्त हे तो कुणाच्या तोंडी घालतो ते बघा. राजाचे हेर तीर्थावर, सभेत, गर्दीत वाद घालताना हे बोलतात, कुरकुर करणाऱ्यांना गप्प करायला. कराराची गोष्ट सत्तेच्याही कामाची असते. हा मुद्दा उत्तरात लिहाच.

आता आपल्या सातारा-सांगली भागाकडे या. १९४२च्या सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूरला कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूज आणि इस्लामपुरात गोळीबार झाला. चळवळ भूमिगत झाली, पोलीस तिच्या मागावर, आणि खेड्यापाड्यांत दरोडेखोर माजले. १९४३ पासून नाना पाटलांच्या प्रतिसरकारने, म्हणजे इंग्रजांना समांतर चालवलेल्या भूमिगत सरकारने, या गुंडांचा बंदोबस्त केला, तळव्यांवर काठ्या मारून. त्या काठ्यांचं समर्थन मी करणार नाही. इथवर हॉब्ज लागू पडतो. पुढे मात्र लोक आपणहून प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांकडे कज्जे आणू लागले.

माझ्या आजोबांचा आणि त्यांच्या चुलतभावाचा बांधाचा कज्जा असाच मिटला. रात्री वस्तीवर, कंदिलाची वात बारीक करून सगळे बसले. मंडळाने पहिल्यांदा विचारलं, "निकाल कुणाच्याही विरुद्ध गेला तरी कबूल?" दोघं हो म्हणाले, मगच कासरा धरून मोजणी झाली. आजोबांच्या दोन सऱ्या गेल्या. तिथे रोवलेला काळा दगड मी पाहिलाय. नांगर अजून त्याला वळसा घालतो.

त्या वेळी तालुक्याचं कोर्ट उघडं होतं. बंदुका आणि तुरुंग इंग्रजांकडेच होते. "कोर्टात का नाही गेलात?" असं मी विचारलं की आजोबा म्हणायचे, "तितला सायेब बांध बघाया आला असता व्हय?"

जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबरची १९१९ची व्याख्या इथे लावून बघा: एका प्रदेशात बळ वापरण्याच्या वैध हक्कावर एकट्याचा दावा असेल ते राज्य. बंदुकांचं बळ कुणाकडे होतं हे उघड आहे, 'वैध' कोण हे लोकांनी ठरवलं. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने १७४१ सालीच लिहिलंय की बळ, म्हणजे संख्येचं बळ, कायम शासितांच्या बाजूला असतं, राज्यकर्त्यांना आधार फक्त लोकमताचा.

तेव्हा एकच बाजू धरू नका. सुत्तातलं भाताचं शेत आणि कुंडल परिसरातली न्यायदान मंडळं शेजारी-शेजारी मांडा, आणि काठी कुठे संपते, निवाडा कुठे सुरू होतो ते दाखवा.