रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना पठारावर लाल दगडाच्या चौकोनी खाणी दिसतात. हा दगड कसला आणि तो किनाऱ्यालगतच का सापडतो?

त्या चिरेखाणी. आरे-वारेच्या वाटेवर डावीकडे समुद्र आणि वर सपाट माळ दिसतो ना, त्याला आम्ही सडा म्हणतो. सड्याचा दगड म्हणजे जांभा.

जांभ्याचं मूळ काळ्या दगडातच आहे. सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पुढे लाखो वर्षं मुसळधार पाऊस आणि कडक ऊन आलटून पालटून चालू राहिलं. पाण्याने त्यातली सिलिका आणि चुना धुऊन नेला, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. म्हणून तो लाल आणि भोकाभोकांचा. जिथे ॲल्युमिनियम जास्त उरलं तिथे बॉक्साइट झालं, दापोली-मंडणगडकडे तेही आहे. ‘किनाऱ्यालगतच’ हे मात्र पूर्ण खरं नाही. महाबळेश्वर आणि कासचं पठारही जांभ्याचंच. फक्त घाटमाथ्यावर तो माथ्यांपुरता उरलाय, कोकणात सडेच्या सडे पसरलेत.

खाणीसाठी आधी वरचा काळपट, टणक कातळ काढावा लागतो. खालचा जांभा ओलसर असतो, लोखंडी हत्याराने सहज तासला जातो आणि हवा लागली की घट्ट होतो. फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रजांच्या नोकरीतल्या डॉक्टरने मलबारात नेमकं हेच पाहिलं आणि १८०७ साली छापलं. आपल्या पाथरवटांना ते सांगायला अर्थातच कुणी डॉक्टर लागला नव्हता. पूर्वी टिकावाने चारी बाजूंनी चर मारून चिरा उचकटत. आता रुळांवर सरकणारं कटर मशीन ते काम करतं. आमच्या घराच्या जुन्या भिंतीत टिकावाचे तिरपे घाव अजून दिसतात, मागाहून बांधलेल्या खोलीचे चिरे सपाट आहेत.

या दगडाच्या दोन खोडी. एक, भोकांमुळे त्यात बारीक नक्षी कोरता येत नाही. जुन्या गोव्याचं बाँ जेझू चर्च (१६०५) जांभ्याचं, पण दर्शनी भागातल्या कोरीव कामासाठी वसईहून काळा दगड आणावा लागला. दुसरी, पाऊस. त्याच चर्चचा बाहेरचा गिलावा १९५०च्या दशकात काढला गेला आणि तेव्हापासून उघडा दगड झिजतोय. हल्ली रिसॉर्टवाले चिरे उघडेच ठेवतात. फोटोत छान दिसतं, पण पावसाचा मारा येणाऱ्या भिंतीला मी तरी गिलावा करूनच घेईन.

खाणींबद्दल माझं मत विचाराल तर त्या बंद करा असं मी म्हणणार नाही. इथली घरं, गडगे (दगडी कुंपणं), विहिरी, थिबा पॅलेससुद्धा, सगळं चिऱ्यावरच उभं आहे. पण सड्याला कागदोपत्री पडीक मानलं जातं, तिथे गडबड होते. पावसाचं पाणी जांभ्यात मुरतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि सड्याच्या पायथ्याशी झरे होऊन बाहेर येतं. गावाच्या विहिरी त्यावर चालतात. पार मातीपर्यंत खणत गेलात तर पाणी साठवणारा दगडच उचलून नेलात. शिवाय त्याच कातळावर कशेळीचा भलामोठा हत्ती, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं कोरलेली आहेत. २०२२ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली. जे चित्र अजून कुणाच्या नजरेला पडलेलं नाही ते कटरखाली गेलं तर कळणारही नाही.

खाण बघायची असेल तर दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात काम बंद असतं आणि खड्डे पाण्याने भरलेले असतात. कडा सरळ तुटलेल्या असतात, तेव्हा मुकादमाला विचारल्याशिवाय आत उतरू नका.