एडिटिंगसाठी पीसी जुळवतोय, पैसे कुठे घालू?

प्रश्न: लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो, फूटेज मोबाईल आणि मिररलेस कॅमेऱ्याचं, ४के. बजेट बेताचंच. दुकानदार म्हणतो इंटेलचा आय५-१२४००एफ प्रोसेसर घ्या, स्वस्त पडेल, उरलेल्या पैशात ग्राफिक्स कार्ड. घेऊ का? – एक वाचक, सांगली

उत्तर: थांबा, तो शेवटचा 'एफ' बघा आधी. एफ म्हणजे प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, आणि ते नाही म्हणजे क्विक सिंकपण गेलं, म्हणजे इंटेलची व्हिडिओ उलगडायची सोय, जे तुमचं एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायचा प्रकार) फूटेज टाइमलाइनवर न अडकता चालवतं. मिररलेसवर ४:२:२ १०-बिट (रंगांची जास्त माहिती ठेवणारा फॉरमॅट) शूट करत असाल तर जास्तच जाणवेल, कारण आरटीएक्स ५० सिरीजच्या आधीची एनव्हिडियाची कार्डं तो फॉरमॅट डिकोडच करत नाहीत, म्हणजे उलगडतच नाहीत! साधं १२४०० घ्या, जमलं तर १२५००, त्यात मीडिया इंजिन, म्हणजे व्हिडिओ उलगडणारे भाग, दोन असतात. कार्ड नंतर बघू.

रॅम १६-१६ च्या दोन स्टिक, एकच ३२ ची नको. चालू प्रोजेक्ट एनव्हीएमईवर (फास्ट एसएसडी), झालेली लग्नं हार्डडिस्कवर. आणि कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) दुकानातच ठेवून या, लायटीच्या बाबतीत मी तरी रिस्क घेत नाही. आरजीबी पंख्यांचं तुमचं तुम्ही बघा बुवा.